पोकळ थप्पीची जादा हमाली

श्रावणात डोंगरे गेले. आठवड्याने त्यांच्या मुलीचा, प्रज्ञाचा, फोन आला. ती आमगावला शाळेत गणित शिकवते. म्हणाली, "काका, रविवारी गावी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आहे. तुम्ही बाबांबद्दल चार शब्द बोला. तुमच्याइतकं त्यांना कोणी ओळखत नव्हतं."

मी हो म्हणालो. मग ती म्हणाली, "फक्त ती थप्पीची गोष्ट नका सांगू."

मी तेव्हाही हो म्हणालो. पण फोन ठेवल्यावर माझ्या लक्षात आलं की डोंगऱ्यांबद्दल सांगण्यासारखी माझ्याकडे ती एकच गोष्ट होती. चौदा वर्षं ते माझ्या शेजारच्या टेबलावर बसले आणि त्या चौदा वर्षांत मी ती गोष्ट लग्नाच्या पंगतींत, बँकेच्या निरोपसमारंभांत, नागऱ्याच्या यात्रेत भेटलेल्या माणसांनासुद्धा सांगितली होती. लोक पोट धरून हसत. डोंगरे शेजारी असले तर तेही जरासे हसत आणि चष्मा पुसत. गोंदियात त्यांना 'पोकळ थप्पीवाले मुनीम' म्हणत, आणि ते नाव माझ्यामुळे पडलं होतं. मुलीला ते इतकी वर्षं ऐकावं लागत होतं, हे मला त्या फोनवर पहिल्यांदा कळलं.

यंदाच्या अंकासाठी कामाचे अनुभव लिहा, असं संपादकांनी सांगितलं आहे. माझं काम सांगायला सोपं आहे. मी सनदी लेखापाल. त्यातही माझ्या वाट्याला आलं ते बँकांच्या वतीने भाताच्या गिरण्यांमधला माल मोजणं. गिरणीवाला शेतकऱ्याकडून धान घेतो, भरडतो, तांदूळ विकतो. मधल्या काळात त्याचा पैसा गोदामात पोत्यांच्या रूपाने पडून असतो, म्हणून बँक त्या पोत्यांवर कर्ज देते. दर महिन्याला गिरणीवाला मालाचा तक्ता बँकेला पाठवतो. पोती जास्त असतील तर कर्ज जास्त मिळतं, पोती घटली तर बँक पैसे परत मागते. वर्षाअखेर तीच पोती ताळेबंदात जातात. तर अधूनमधून एखाद्याने जाऊन पोती खरोखर आहेत का हे बघावं, एवढ्यासाठी मी.

पोती एकावर एक, आडवी-उभी गुंफून रचतात, तिला थप्पी म्हणतात. पोत्याला पोतं असं कोणी मोजत नाही. लांबीची पोती, रुंदीची पोती आणि उंचीचे थर मोजायचे आणि गुणाकार करायचा. तिसरीतल्या पोराचं गणित आहे. त्यासाठी बँक मला पैसे देत असे, याचं माझ्या वडिलांना शेवटपर्यंत आश्चर्य वाटलं.

लोक विचारतात, चांगली चालती गिरणी असताना माणूस खोटा ताळेबंद का करतो? हावरटपणामुळे, असं मीही सुरुवातीला समजत असे. पुढे दिसलं की बहुतेकांची सुरुवात शेजाऱ्यापासून होते. ज्या शेठची ही गोष्ट आहे, त्याच्या शेजारच्या गिरणीत तांदळातले काळे दाणे निवडणारं नवं यंत्र आलं. शेठनेही घेतलं, कर्ज काढून. त्या वर्षी तांदळाचा भाव पडला. बँकेने पैसे मागू नयेत म्हणून त्याने एका महिन्याच्या तक्त्यात तीनशे पोती जास्त दाखवली. फक्त एकाच महिन्यासाठी. सगळे हेच म्हणतात, आणि खरंच म्हणतात. पण खऱ्या पोत्याला गिऱ्हाईक असतं, खोट्या पोत्याला नसतं. ते विकलं जात नाही, सडत नाही, उंदीर त्याला खात नाहीत. पुढच्या महिन्यात ते तिथेच असतं, आणि आता त्याच्या व्याजासाठी आणखी दोनशे खोटी पोती लागतात.

त्यात बघायला येणारी आमची जमात. आमच्याकडच्या मे महिन्यात, पत्र्याच्या गोदामात, सोळा थरांच्या थप्पीवर चढायचं की कूलरपुढे बसून समोशाबरोबर सही करायची, यात बहुतेकांचा निर्णय लवकर होत असे. शेठ लोकांना ते पाठ होतं. एका गिरणीत मला समोसा, कचोरी, आलूबोंडा, जिलेबी आणि पुन्हा समोसा अशा क्रमाने दुपारी चारपर्यंत बसवून ठेवलं होतं. मी उठलो तेव्हा मलाच थप्पीसारखं मोजता आलं असतं. दुसऱ्या एका मालकाने एकच माल दोन गोदामांत दाखवला. मी पहिल्या गोदामातून निघून दुसऱ्याकडे जाईपर्यंत ट्रक माझ्या स्कूटरच्या पुढून धूळ उडवत जात होता. निळ्या दोरीने शिवलेलं एक फाटकं पोतं मला सकाळी भेटलं होतं, ते दुपारी पुन्हा भेटलं. मी मालकाला तसं सांगितलं. तो म्हणाला, "साहब, बोरे तो सब एक जैसेही दिखते हैं." निळ्या दोरीबद्दल तो काही बोलला नाही.

आता डोंगऱ्यांची गोष्ट. प्रज्ञाने ती मला पुन्हा सांगायची परवानगी कशी दिली, ते शेवटी सांगतो.

सोळा वर्षांपूर्वी मी त्या यंत्रवाल्या शेठच्या गिरणीत न कळवता गेलो. डोंगरे तिथे मुनीम होते. केशोरीकडच्या एका गावातले पहिले बी.कॉम. उंच, किरकोळ, इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला एकच पेन. अक्षर छापल्यासारखं. त्यांची ख्याती अशी की बावीस वर्षांत त्यांची रोकड एकदाही चुकली नव्हती. शेठ मोठ्या अभिमानाने सांगायचा, "हमारे मुनीमजी चार आने के लिए रात को घर नहीं जाते."

गेल्या गेल्या पहिल्यांदा रोकड मोजायची हा आमचा नियम. मालकाला खिशातून पैसे आणून पेटीत टाकायला वेळ मिळू नये म्हणून. डोंगऱ्यांनी पेटी उघडली, त्यातले बारा रुपये काढून दारातल्या माणसाला तीन चहा आणायला पाठवलं, आणि पेटी माझ्यापुढे सरकवली. मी चहा पीत पीत मोजलं. वहीत जेवढी शिल्लक होती, त्यापेक्षा पेटीत चारशे अडतीस रुपये जास्त निघाले.

शेठ हसला. "अरे वा मुनीमजी, आज तो आपकी भी गलती पकडी गई."

"मोजण्यात चुकलं असेल," डोंगरे म्हणाले आणि त्यांनी चष्मा पुसला.

मी पॅडवर लिहून ठेवलं : रोकड ४३८ जास्त. किरकोळ गोष्ट होती. रोकड कमी निघाली तर काळजी करायची. जास्त निघाली तर कोणी फाशी जात नाही.

मग गोदाम. दोन नंबरच्या गोदामात एकच भव्य थप्पी होती. लांबीला वीस, रुंदीला बारा, उंचीला सोळा. तीन हजार आठशे चाळीस पोती. हमालांचा मुकडदम सुकलाल दाराशी बिडी ओढत बसला होता.

"काय मोजून राहिले जी?" त्याने विचारलं.

"पोती."

"भाहेरून?"

"मग कुठून मोजू?"

"नाही, बराबर हाय. भाहेरूनच मोजतेत सारे," असं म्हणून त्याने तोंड फिरवलं.

एवढ्यात एक करडी मांजर आली. माझ्याकडे तुच्छतेने बघून ती दोन पोत्यांच्या फटीतून थप्पीच्या आत गेली. मी परखी बाहेर काढली. परखी म्हणजे पोत्यात खुपसून मूठभर माल काढायची टोकदार नळी. मी चार बाजूंची आठ पोती तपासली, उत्तम तांदूळ निघाला. मांजर काही बाहेर आली नाही. भरीव थप्पीत मांजर मावत नाही, हे ज्ञान मला तेव्हाही होतं. पण ते पॅडवर लिहायचा रकाना नव्हता.

मी समाधानाने ऑफिसात परत आलो. सही करायची तेवढी बाकी होती. शेठ जेवायची व्यवस्था बघायला आत गेला होता. आता एखादी वही चाळल्यासारखं दाखवावं म्हणून मी हात पुढे केला. टेबलावर विक्रीची वही होती, खरेदीची होती. डोंगऱ्यांनी मात्र त्यांच्यावर हमालीची वही ठेवली. हमाल दर पोत्यामागे पैसे घेतात, त्यांचा हिशेब त्यात असतो. ती वही कोणताही तपासनीस बघत नाही. मी उघडली, आणि तिसऱ्याच पानावर, छापल्यासारख्या अक्षरात, ही नोंद होती :

'गोदाम क्र. २. पोकळ थप्पी मारण्याची जादा हमाली. रु. ४५०.'

मी ती दोनदा वाचली. चष्मा काढून पुन्हा वाचली.

"डोंगरे, हे काय आहे?"

"हमाली."

"पोकळ थप्पी म्हणजे?"

"आतून रिकामी असते ती," त्यांनी मला समजावून सांगितलं.

"मुकडदमाची सही नाही इथे."

"घ्यायची राहिली."

तेवढ्यात शेठ आला. माझ्या खांद्यावरून त्याने ती ओळ वाचली. मी माणसाचा रंग उडतो असं पुस्तकांत पुष्कळ वाचलं होतं; तो खरंच कानापासून उडायला लागतो.

"मुनीमजी," तो हळूच म्हणाला, "ये क्या लिख दिया?"

"झालं ते लिहिलं, शेठजी."

"हुआ तो हुआ. लिखना क्यों था?"

"खर्च लिहिला नाही तर रोकड जुळत नाही."

"भाडे में लिख देते. बारदाने में लिख देते. चाय में लिख देते."

"साडेचारशेचा चहा तुम्हीच मान्य केला नसता," डोंगरे म्हणाले.

आम्ही गोदामात गेलो. सुकलालला वरची पोती काढायला सांगितलं. त्याने शेठकडे बघितलं, शेठने जमिनीकडे बघितलं, आणि सुकलालने हमाल वर चढवले. वरचे दोन थर निघाले तेव्हा खाली बांबूचा मांडव दिसला, आणि मांडवाखाली मोकळी जागा. चारी बाजूंनी दोन-दोन पोत्यांची भिंत, मधे खोली. बँकेच्या तक्त्यात जिथे पावणेदोन हजारांवर पोती होती, तिथे जुन्या बारदानावर करडी मांजर आणि तिची चार पिल्लं होती. ती आमच्याकडे अशी बघत होती की दार न वाजवता कोणाच्या घरात शिरल्यासारखं मला वाटलं.

बँकेच्या मॅनेजरने नंतर माझा अहवाल वाचून विचारलं, "अहवालात मांजर ठेवायची का?" मी म्हटलं, प्रत्यक्ष आढळलेला माल तेवढाच होता.

ही गोष्ट मी इथे संपवत असे. हशा इथेच येई. ज्याने लबाडीचीही प्रामाणिक नोंद केली असा भोळा मुनीम. सवयीचा गुलाम. चोरीसाठी आणलेल्या शिडीचं भाडंही वहीत लिहिणारा.

पुढचं मी सहसा सांगत नसे, कारण त्यात हसण्यासारखं कमी आहे. शेठ काही तुरुंगात गेला नाही. बालाघाट रोडवरचा प्लॉट विकून त्याने बँकेचं कर्ज आटोक्यात आणलं. मला वाटतं, तो सुटल्यासारखाच झाला असावा, कारण पुढे भेटला तेव्हा त्याची झोप परत आलेली दिसत होती. तो मला म्हणालाही, "दो साल और चलता तो मिल भी जाती, घर भी जाता." हमालांचं काम चालू राहिलं. गेली ती डोंगऱ्यांची नोकरी. त्याच दिवशी शेठ म्हणाला, "मुनीमजी, आपका हिसाब कर लो." डोंगऱ्यांनी बसून स्वतःचा हिशेब केला, सतरा दिवसांचा पगार काढला, नोंद केली, शेठची सही घेतली आणि पेन खिशाला लावून निघाले. तेव्हा प्रज्ञा डी.एड.ला होती. दोन वर्षं त्यांनी इथे-तिथे तात्पुरत्या वह्या लिहिल्या. ज्याने मालकाला पकडून दिलं त्याला कायमचं ठेवायला गोंदियात कोणी तयार नव्हतं. मग मी त्यांना माझ्या ऑफिसात घेतलं. त्याचंही श्रेय मी उदारपणे स्वतःकडे ठेवलं.

आम्ही दोघं कमी बोलणारे. शनिवारी वाचनालयात जायचो, पुस्तकं बदलायचो. डोंगरे कादंबऱ्यासुद्धा पेन्सिल घेऊन वाचत. एका कादंबरीच्या समासात त्यांनी बारीक अक्षरात लिहिलं होतं : 'पान ८२ वर नायक पस्तीस वर्षांचा. पान १४० वर अडतीस. मधे एकच दिवाळी.' आमच्या ऑफिसात कधी काही जुळेनासं झालं की मी मुद्दाम म्हणायचो, "डोंगरे, चारशे अडतीस!" म्हणजे बावीस वर्षांतली त्यांची ती एकमेव चूक. ते म्हणायचे, "हो साहेब." आणि चष्मा पुसायचे.

रविवारी मी त्यांच्या गावी गेलो. विहारासमोर मांडव होता, पांढऱ्या कपड्यांतली माणसं, तथागतांच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरींशेजारी डोंगऱ्यांचा फोटो. खिशाला पेन. वंदना झाली. माझ्या शेजारी एक म्हातारा काठी टेकून बसला होता. मी ओळखलं नाही. त्याने मला ओळखलं.

"थप्पी भाहेरून मोजणारे साहेब ना जी तुमी?"

सुकलाल होता. मला बरं वाटलं. बोलायला काहीतरी हवं म्हणून मी म्हणालो, "तुमच्या त्या जादा हमालीने बिचाऱ्यांची नोकरी गेली."

"कोन्ती जादा हमाली?"

"पोकळ थप्पीची. साडेचारशे."

"आमी कायले जादा मागू?" सुकलालने माझ्याकडे बघितलं, जसं सोळा वर्षांपूर्वी बघितलं होतं. "पोकळ थप्पीले बोरे कमी लागतेत जी. बोऱ्यामांगं पैसा. उलटी आमालेच कमी भेटली त्या दिवसाची हमाली. मुनीमजीनं एक रुपया जादा देल्ला नाही, अन् आमी मांगला नाही. खोटं काऊन बोलू, त्याईच्या फोटूसमोर?"

मांडवात कोणीतरी माइक तपासत होतं. मी मनात आकडे मांडले. हमालांना साडेचारशे दिलेच नव्हते, तर मग ते कुठे होते? वहीत खर्च पडला आणि पैसे बाहेर गेले नाहीत, तर ते पेटीतच राहणार. पेटीत साडेचारशे जास्त निघायला हवे होते. निघाले चारशे अडतीस. फरक बारा रुपयांचा. बारा रुपये कशाचे?

तीन चहांचे. त्यांनी माझ्यासमोर पेटीतून काढून दिलेले, वहीत अजून न चढलेले. त्यातला एक कप माझ्या हातात होता.

दोन आकडे शेजारी ठेवून बघणं हाच माझा धंदा. ते दोन्ही आकडे माझ्या पॅडच्या एकाच पानावर होते. सोळा वर्षं मी त्यातल्या एकावर लोकांना हसवलं आणि दुसऱ्यावरून डोंगऱ्यांना चिडवलं.

त्या माणसाने आयुष्यात एकच खोटी नोंद केली होती. ज्याचं मीठ बावीस वर्षं खाल्लं त्याच्याविरुद्ध त्याला तोंडाने बोलवत नव्हतं, आणि दर महिन्याच्या त्या तक्त्याखाली सही तर त्यालाच करावी लागत होती. मग त्याने वहीला बोलायला लावलं, आणि ती वही माझ्या हाताखाली सरकवली. वही न उघडणारा तपासनीस येईल, ही धास्ती त्याला किती महिने असेल, कोण जाणे. आला तो मी. आणि मीही आधी सही करायलाच निघालो होतो.

मी उठून प्रज्ञाला बाजूला बोलावलं. म्हटलं, "तुझ्या बाबांच्या पेटीत त्या दिवशी चारशे अडतीस जास्त होते. चहाचे बारा मिळव."

ती गणिताची बाई. तिला वेळ लागला नाही. तिने फोटोकडे बघितलं. मग म्हणाली, "बाबांनी तुम्हाला कधीच सांगितलं नाही?"

"नाही. हो साहेब म्हणायचे."

तिने पदराने डोळे पुसले, अगदी चष्मा पुसल्यासारखे. "मग सांगा आता," ती म्हणाली. "ती गोष्ट सांगा. पूर्ण सांगा."

मी माइकपुढे गेलो. मला भाषणाची सवय नाही, पण ही गोष्ट पाठ होती. मी थप्पी सांगितली, मांजर सांगितली, शेठचे उडालेले कान सांगितले. लोक आधी संकोचले, मग गालातल्या गालात हसले. शेवटी मी चहा सांगितला.

तेव्हा मांडव खूप मोठ्याने हसला. सुकलाल तर काठी आपटत हसला. सगळे माझ्याकडे बघून हसत होते. मी चष्मा काढला आणि पुसत राहिलो.